सगुणाबायची माळ

शिरवण्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की घरची माणसं दोन कामं करत. हळद आणि तेल वरच्या फळीवर ठेवून देत आणि रविवारची वाट बघत. रविवारी, नाहीतर बुधवारी, उन्हं अंगणात यायच्या आत त्या माणसाला सगुणाबायच्या पडवीत नेऊन बसवायचं. सगुणाबाय फार बोलायची नाही. डोंगरातून आणलेल्या एका वेलीच्या मुळ्यांचे पेराएवढे तुकडे ती दोऱ्यात गाठी मारून ओवायची, त्यांची लहानशी घट्ट माळ करायची आणि त्या माणसाच्या डोक्यावर चढवायची. माळ रोज थोडी सैल व्हायची, कपाळावरून गळ्यात यायची, गळ्यातून छातीवर. नवव्या-दहाव्या दिवशी ती बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. मग माळ खाडीत सोडायची. सगुणाबायला पैसे तर सोडाच, साधा नारळही द्यायचा नाही, दिला तर विद्या जाते. हे तिला सासूने शिकवलं होतं आणि सासूला तिच्या सासूने.

गावची शेती सिडकोने घेतली, मिठागरं बुजली, एका अंगाला कारखाने आले आणि उरलेल्या अंगांना इमारती उठू लागल्या, पण सगुणाबायच्या दारची रांग काही हटली नाही. उलट वाढलीच. वाशीच्या नव्या फ्लॅटमधला बँकेतला एक साहेब तर टोपीखाली माळ लपवून पहिले तीन दिवस ऑफिसात गेला होता. साहेबाला वाटलं कुणाला कळलं नाही. इकडे अख्खं गाव त्याच्या टोपीवर हसत होतं.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालची. सगुणाबाय तेव्हा सत्तावन्न वर्षांची, विधवा, घरामागच्या चार खोल्या भाड्याने देऊन राहणारी. त्यातल्या एका खोलीत दिनानाथ आणि जयमाला हे भंडाऱ्याकडचं जोडपं होतं. दिनानाथ रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत कामाला होता. त्यांची एकुलती एक मुलगी सुनीती, दहा वर्षांची, वयाच्या मानाने लहानखुरी, अभ्यासात हुशार. श्रावणातल्या एका बुधवारी जयमाला तिला घेऊन पडवीत आली. दीड वर्षातली ही चौथी खेप.

"मावशी, पुन्हा आली," जयमाला म्हणाली. "डोळे पाहा न तिचे."

सगुणाबायने डोळे पाहिले. मग पोरीकडे पाहिलं. सुनीती कमरेत वाकून बसली होती आणि उजवा हात बरगडीच्या खाली दाबून धरला होता. जन्मभरात सगुणाबायने शेकड्याने कावीळवाली माणसं पाहिली होती. कावीळ झालेलं पोर मलूल होतं, अन्नावरची वासना उडते, पण ते असं खाल्ल्यानंतर तासभर कळवळत नाही. शिवाय या पोरीचे डोळे मधल्या दिवसांतही कधी पुरते पांढरे होत नव्हते. दुसऱ्या खेपेलाच हे सगुणाबायच्या ध्यानात आलं होतं आणि तेव्हा ती गप्प बसली होती. आज तीन तुकडे ओवून तिचे हात थांबले.

"ही माझी कावील नाय," ती म्हणाली. "हिला हास्पिटलात ने."

जयमाला घाबरली. "कंपनीच्या दवाखान्यात नेलं होतं न! त्यायनं बी कावीळच सांगतली. अन् तुमच्या माळेनं तीनदा उतरली. आता काऊन नाही म्हणता? माह्यं काही चुकलं काय? पथ्य तं सगळं पाळलं जी. तेल नाही, हळद नाही. तुम्ही सांगतलं तशी पहाटे थंड्या पाण्यानं आंघोळ बी घातली."

माझं काही चुकलं का, हा प्रश्न सगुणाबायला ऐकवेना. तिने ओवलेले तुकडे दोऱ्यातून काढून टाकले आणि उठली.

"तुझं काय चुकत नाय. चल. मी येते तुझ्यासंगती."

खाडीपूल ओलांडून त्या तिघी मुंबईतल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात गेल्या. लहान मुलांच्या वॉर्डात वैजयंती मेश्राम नावाच्या तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी पोरीचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला तो दुखण्याबद्दल नव्हता.

"गाव कोणतं तुमचं?"

"साकोलीजवळचं, भंडारा जिल्हा."

डॉक्टरबाई स्वतः नागपूरच्या. त्यांनी मान हलवली, रक्त काढून घेतलं, एक्स-रे काढला आणि सुनीतीला दाखल करून घेतलं. तिसऱ्या दिवशी दिनानाथ, जयमाला आणि सगुणाबाय यांना त्यांनी टेबलाशी बसवलं आणि कागदावर एक वाकडी आकृती काढली.

"हे काय दिसतं?"

"इला," सगुणाबाय म्हणाली. जमीन होती तोवर दर वर्षी भातकापणीला विळा तिच्या हातात असायचा.

"बरोबर, विळा. हिच्या रक्तातल्या पेशी अशा वाकड्या होतात. जन्मापासून. सिकलसेल म्हणतात या रोगाला, आपल्या विदर्भात पुष्कळ आहे. या पेशी लवकर फुटतात. फुटल्या की रक्तात पिवळेपणा वाढतो, म्हणून हिचे डोळे पिवळे. ही साथीची कावीळ नव्हेच. आणि तोच पिवळेपणा पित्ताच्या पिशवीत साचून साचून त्याचे खडे झालेत. खडा नळीच्या तोंडाशी अडकला की हिला कळ येते."

"एवढ्याशा पोरीला खडे?" दिनानाथने विचारलं.

"इतरांना चाळिशीनंतर होतात. या रोगात लहानपणीच होतात. आणि हिचे हातपाय, सांधे कधीपासून दुखतात?"

जयमाला आठवून म्हणाली, "दुखत तं आधीबी होते. पण मागच्या हिवाळ्यापासून लय. पहाटे आंघोळ झाली का रडे."

"पहाटे? थंड पाण्यानं? अहो, अशा मुलांना थंडी अजिबात सोसत नाही. थंडीनं, पाणी कमी पडलं तरी, त्या पेशी एकमेकींत अडकतात. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

जयमालाने मान खाली घातली. तिने सगुणाबायचं नाव घेतलं नसतं, गळा दाबला असता तरी घेतलं नसतं.

"मी सांगितलं," सगुणाबाय म्हणाली.

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, पण रागावल्या नाहीत. त्यांना पुढचं सांगायची घाई होती. पित्ताची पिशवीच काढून टाकावी लागणार होती. खडा नळीत पक्का अडकून बसला तर पोटात पू होईल आणि मग या पोरीला वाचवणं कठीण. पण अंगात रक्त इतकं कमी असताना तिला भूल देता येणार नव्हती. आधी चांगलं रक्त चढवायला हवं होतं. तीन बाटल्या.

"माह्यं घ्या," जयमालाने पदर सावरून हात पुढे केला. "पाहिजे तेवढं घ्या जी."

"तुमचं नको, बाई. या रोगाचा अर्धा भाग तुमच्या रक्तात आहे आणि अर्धा यांच्या. तुम्हाला त्याचा त्रास नाही, पण दोन अर्धे एकत्र आले आणि तिला पुरा रोग झाला. बाहेरची तीन माणसं आणा. गट कुठलाही चालेल. त्यांचं रक्त आम्ही ठेवून घेऊ आणि बदल्यात तिच्या गटाचं देऊ."

जयमालाचा हात तसाच टेबलावर राहिला. पोटच्या पोरीला आपलं रक्त चालत नाही, याच्याइतकं वाईट त्या बाईने आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. ती रडलीसुद्धा नाही. दिनानाथ कंपनीत जाऊन दोघांना विचारून आला. दोघेही हो म्हणाले आणि त्या दिवसापासून पाळी बदलून दिसेनासे झाले. रक्त दिलं की पुरुषाची ताकद जाते, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटे.

"रक्ताचं मी बघते," सगुणाबाय म्हणाली. तिच्या मनात तेव्हा थोडा गर्वही होता, तो का लपवा? पस्तीस वर्षं तिने कुणाकडून सुपारीचं खांड घेतलं नव्हतं. आता पहिल्यांदाच ती गावाकडे काही मागणार होती, तेही दुसऱ्यासाठी.

ती घरोघर फिरली. ज्या दारी गेली त्या दाराने नाही म्हटलं नाही. "सगुनाबाय, तू सांगतेस म्हंजे झालं," असं म्हणत एकेक गडी तयार झाला. सोमवारी सकाळी अकरा जण जमले. सदू तर नवा शर्ट घालून आला, जणू लग्नालाच निघाला होता. रबाळ्याच्या पोपटने आपला टेम्पो काढला. पुढे सगुणाबाय, मागे अकरा माणसं, अशी वरात रक्तपेढीच्या दाराशी उतरली. कारकुनाने एवढे रक्तदाते एकदम पाहिले आणि तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

त्याने फॉर्म काढला. नाव, वय, गाव. ताप आहे का, खोकला आहे का. मग म्हणाला, "कधी कावीळ झाली होती?"

"झाली होती ना!" पहिला गडी छाती पुढे काढून म्हणाला. "या सगुनाबायनी उतरवली."

कारकुनाने फॉर्मवर आडवी रेघ मारली. "तुमचं चालणार नाही. पुढचा."

पुढच्यानेही तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यानेही. एकाने तर कावीळ दोनदा झाल्याचं कौतुकाने सांगितलं आणि माळ किती दिवसांत उतरली तेही. पाचव्या रेघेला कारकून वैतागला. "तुम्ही काय चेष्टा चालवलीय काय राव? अख्खं गाव कावीळवालं कुठून गोळा केलंत?"

चेष्टा कुणाचीच नव्हती. सगुणाबाय ज्यांच्याकडे हक्काने रक्त मागू शकत होती ती सगळी माणसं तिच्या पडवीत बसून गेलेली होती. ज्याने तिचं देणं मानावं तो कावीळवाला, आणि कावीळवाल्याचं रक्त नको. हे तिला तिथे बाकावर बसल्या बसल्या उमगलं.

रांगेत शेवटी सदू होता. तो तिच्या कानाशी वाकला. "बाय, मी नाय झाली म्हनून सांगतो. कोनाला काय कलतं?"

एक क्षण तिला ते पटलं. खोटं कशाला बोला, एक क्षण नव्हे, चांगले दोन-तीन क्षण पटलं. एक बाटली तर होईल. मग तिने कारकुनालाच विचारलं, "कावील झालेल्याचं रगत का नको?"

"रक्तातून दुसऱ्याला होते, म्हणून नको. ज्याला चढवू त्याला पुन्हा कावीळ."

सगुणाबायने सदूचा दंड धरला आणि त्याला रांगेतून बाहेर ओढलं. "घरी चल," ती म्हणाली. सदू ओशाळला आणि टेम्पोत जाऊन बसला.

पोपट दारात बिडी ओढत उभा होता. त्याला कधीच कावीळ झाली नव्हती. त्याने बिडी विझवली आणि न सांगताच आत जाऊन खाटेवर आडवा झाला. एक बाटली झाली. दोन राहिल्या.

परतीच्या वाटेवर सगुणाबाय मनातल्या मनात गावातली घरं चाळत होती. आहेत त्या माणसांतल्या कुणीच माळ न घातलेलं घर कोणतं? वाशीचा पूल संपायच्या आत तिला ते सापडलं. खरं म्हणजे पहिल्यापासून ठाऊक होतं.

ते तिच्या धाकट्या दिराचं, नामदेवचं घर. भिंतीला भिंत लागून. नामदेव, त्याची बायको गोजरा आणि अठरा वर्षांचा मुलगा विलास. चौदा वर्षं त्या घराचं आणि सगुणाबायचं बोलणं नव्हतं. नामदेवचा थोरला मुलगा जयप्रकाश सहा वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली होती. सगुणाबायने माळ घातली. पोर ग्लानीत जाऊ लागलं तेव्हा नामदेव त्याला हॉस्पिटलात न्यायला निघाला, तर सगुणाबायने अडवलं. माळ उतरते आहे, मध्येच सुई टोचली तर कावीळ पोटात शिरेल, असं म्हणाली. नवव्या दिवशी माळ बेंबीवर आली. दहाव्या दिवशी पोर गेलं. गाव पडवीत जमलं आणि सगुणाबायकडे बघू लागलं. तेव्हा ती म्हणाली की गोजराने पथ्य मोडलं. त्यात खोटं काही नव्हतं. पोर रडरड रडलं म्हणून आईने त्याला कालवणातल्या दोन कोलंब्या भरवल्या होत्या. गावाला तेवढं पुरलं. सगुणाबायची विद्या शाबूत राहिली आणि गोजरा आपल्या पोराला खाणारी आई ठरली.

संध्याकाळी दिवेलागणीला सगुणाबाय त्या दारात उभी राहिली. गोजरा उंबऱ्याच्या आत तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"मना आत घेऊ नको," सगुणाबाय म्हणाली. "हितूनच सांगते. माझ्या भाडेकरनीच्या पोरीला रगत पायजे. गावातल्या कोनाचं चालत नाय. तुमच्या घरातलं चालंल." एवढं मागून परत फिरता आलं असतं. पण नुसतं मागून हे दार उघडणार नाही हे तिला कळत होतं, आणि नुसतं मागणं बरंही नव्हतं. "आनी दुसरं सांगायचं हाय. जयप्रकाश कोलंबीनं नाय गेला. तुझ्या हातनं नाय गेला. माझ्या मालेनं कोनाचीच कावील उतरत नाय, गोजरा. मुल्या वालल्या का आक्रसतात, माला सैल होते, सैल झाली का खाली येते. ज्यांची बरी व्हायची त्यांची आपसूक बरी होते. त्याची नाय झाली. त्याला हास्पिटलात न्यायला पायजे होतं, आनी मी नेऊन दिला नाय."

आत नामदेव खाटेवरून उठून बसला होता. गोजराने सूप बाजूला ठेवलं.

"तुला कसं ठावं?" तिने विचारलं.

"मडक्याला घालून बघितली. नवव्या दिवशी मडक्यावरनं उतरली."

"कवा घातलीस?"

सगुणाबायला इथे खोटं बोलता आलं असतं. गेल्या वर्षी म्हणता आलं असतं. "त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी," ती म्हणाली.

"म्हंजे चौदा वरसं तुला ठावं हाय."

"हाय."

"आनी तरी तू लोकांना घालत राह्यलीस."

"लोक येत राह्यले. नाय म्हनायचं तर का नाय ते सांगायला लागलं असतं."

गोजरा उठली. तिने ना शिवी दिली, ना हंबरडा फोडला. सगुणाबायच्या तोंडावर दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. सगुणाबाय अंधार पडेपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिली. तिला वाटलं, गेली पोरगी. माझ्या पायी दुसरं पोर गेलं.

सकाळी ती बसस्टॉपवर आली तेव्हा नामदेव आणि विलास आधीच तिथे उभे होते. नामदेव तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती येनार नाय. आमी दोघं येतो. पोरीसाठी येतो, वयनी. तुझ्यासाठी नाय." दोघांनाही कावीळ झाली नव्हती. तीन बाटल्या पुऱ्या झाल्या.

पुढच्या आठवड्यात सुनीतीचं ऑपरेशन झालं. मध्येच रक्तस्राव वाढला म्हणून आणखी एक बाटली लागली, ती डॉक्टरबाईंनी आपल्या शब्दावर मिळवली. पिशवीतून तेवीस खडे निघाले, मिऱ्यांसारखे काळे. दिनानाथ ते खडे बघून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. पाचव्या दिवशी सुनीतीने भात खाल्ला. जयमाला तासभर तिच्याजवळ बसून वाट बघत राहिली. कळ आली नाही.

"पण डोळे?" जयमालाने डॉक्टरबाईंना विचारलं. "डोळे तं पिवळेच हायेत."

"ते थोडे पिवळे राहणारच. खडे काढले, रक्त नाही बदलता येत. सांधे दुखतील, कधी पुन्हा रक्त चढवावं लागेल. हिला ऊब हवी, भरपूर पाणी हवं आणि ताप आला की लगेच इथे आणायचं. आयुष्यभर जपायचं."

जयमालाने ऐकून घेतलं. तिला पुरी बरी झालेली मुलगी हवी होती आणि मिळाली ती जपायची मुलगी. ती तेवढ्यावर देवाचे आभार मानायला तयार होती, हे सगुणाबायला सोसवेना आणि ती वॉर्डाबाहेर गेली.

रविवारी तिच्या पडवीत सहा जण येऊन बसले होते. तिने त्यांना मडक्याची हकीकत सांगितली आणि हॉस्पिटलचा रस्ता दाखवला. दोघे गेले. दोघांनी तिला तोंडावर लबाड म्हटलं. उरलेल्या दोघांचं म्हणणं पडलं की म्हातारी चळली आहे, पुढच्या रविवारी ताळ्यावर येईल, आणि ते पुढच्या रविवारीही आले.

उसनी घेतलेली चौथी बाटली भरून द्यायची राहिली होती. दिनानाथ माणूस शोधत होता. सुनीतीला घरी सोडायच्या दिवशी सगुणाबाय हॉस्पिटलात आली, वॉर्डाकडे जाताना रक्तपेढीच्या दाराशीच थबकली. टेबलासमोरच्या स्टुलावर गोजरा बसली होती. एकटी आली होती. तिने सगुणाबायला पाहिलं आणि मान वळवून घेतली.

कारकून तोच होता. नाव झालं, वय झालं, गाव झालं. शिरवणे म्हटल्यावर त्याने जरा सावधपणे विचारलं, "कधी कावीळ झाली होती?"

"मना नाय."

"घरात कुणाला?"

"पोराला. थोरल्या."

"किती वर्षं झाली?"

"चौदा."

"आता बरा आहे ना?"

"नाय. गेला तो. सहा वरसांचा होता."

कारकुनाची लेखणी थांबली. "कशानं?" त्याने हळू आवाजात विचारलं.

हा प्रश्न गोजराला चौदा वर्षांत पुष्कळांनी विचारला होता. माहेरच्यांनी विचारला, शिरगणतीला आलेल्या मास्तरने विचारला, एकदा बाजारात भेटलेल्या बालमैत्रिणीने विचारला. तिने प्रत्येकाला एकच सांगितलं होतं, की माझ्या हातचं खाऊन गेला. ते सांगताना ती खाली बघायची.

आता तिने कारकुनाकडे सरळ पाहिलं.

"कावीलीनं," गोजरा म्हणाली.

कारकुनाने ते लिहून घेतलं आणि तिला आतल्या खाटेवर आडवं व्हायला सांगितलं.